‘हेड गेलंय’ म्हणणाऱ्या अनाम उस्तादांस

श्री. रा. रा. उस्तादजी,



आपलं नाव मला ठाऊक नाही. दुकान कुठे होतं तेही नाही, कारण बिलाचा कागद देण्याची आपल्याकडे पद्धत नसावी. पण या यंत्रावर आपला हात फिरला होता याबद्दल तिळमात्र शंका नाही. सांगलीला मामाच्या कपाटावर पडून असलेला तीन डिस्कचा व्हीसीडी प्लेअर मी पुण्याला आणून उघडला. पुढे माइकची दोन भोकं आणि ‘एको’ची गोल चकती असलेला, घरोघरी कराओकेची स्वप्नं वाटणारा तोच नमुना. झाकणाला तीन जातींचे स्क्रू होते आणि चौथ्याच्या जागी सेलोटेप. तिथेच मनात म्हटलं, येथे कुणीतरी कर्तबगार येऊन गेलेलं दिसतंय.

मग लेझर हेड पाहिलं आणि आपली ओळखच पटली. हेडच्या कडेला छोट्या पट्टीवर तीन-चार मिलिमीटरचा एक प्रीसेट, म्हणजे फिरवून जुळवायचा रेझिस्टर, असतो. त्याच्या खाचेच्या दोन्ही कडा कुरतडल्या होत्या, स्क्रू-ड्रायव्हर सटकून शेजारच्या रिबनवर एक लांब ओरखडा उठला होता, आणि प्रीसेटचा काटा जाईल तितका एका टोकाला जाऊन बसला होता. फिरवायला आणखी जागाच नव्हती, नाहीतर आपण तीही सोडली नसती.

मामाला आपले शब्द अजून पाठ आहेत: ‘हेड वीक झालंय, सेट करून देतो.’ प्लेअर घरी आला, सुरू झाला, दिवाळीत पाहुण्यांसमोर एक सिनेमाही पार पडला. मामाने आपली तोंडभर स्तुती केली. तुळशीचं लग्न झालं आणि पडद्यावर पुन्हा ‘नो डिस्क’. तोवर आपलं काम आणि आपले पैसे, दोन्ही झालेले होते.

उस्तादजी, त्या प्रीसेटने नेमकं काय होतं, हे आपण कधी कुणाला विचारलंत का? सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जवळपास न दिसणारा इन्फ्रारेड. त्याच्याच पोटात एक फोटोडायोड असतो. लेझर किती उजेड देतो हे तो सतत मोजतो आणि सर्किट त्याप्रमाणे करंट कमी-जास्त करतं. लेझर म्हातारा होतो तसा त्याला जास्त करंट लागतो आणि ही व्यवस्था तो आपणहून पुरवते. प्रीसेट ठरवतो ती त्या उजेडाची पातळी, आणि ती कारखान्यात मोजून लावलेली असते. काही हेडच्या चिकटपट्टीवर त्या हेडचा करंट छापलेलाही असतो. मामाच्या हेडवर होता. मी मल्टीमीटर लावला तेव्हा जवळपास दीडपट करंट वाहत होता. थकलेल्या बैलाला पराणी टोचली की तो चार पावलं झपाझप टाकतो, पण ती चार पावलं पुढच्या रस्त्यातून वजा होतात. आपण टोचणी लावलीत आणि मजुरीही घेतलीत.

आता यातली खरी गंमत ऐका. त्या फोटोडायोडला लेझरचा उजेड दिसतो, पण वरच्या लेन्सवर काय साचलंय ते दिसत नाही. मामाचा टीव्ही स्वयंपाकघराच्या दाराशी. वर्षानुवर्षांच्या फोडणीचा धूर आणि उदबत्ती मिळून लेन्सवर तपकिरी तेलकट पापुद्रा बसला होता. लेझर ठणठणीत होता, फक्त त्याचा उजेड डिस्कपर्यंत पुरेसा जात नव्हता आणि परत येत नव्हता. आपण उजेड वाढवलात, म्हणून तो पापुद्र्यातूनही काही दिवस पार झाला. पापुद्रा मात्र मला जसाच्या तसा मिळाला. त्यावर ना कापसाचा धागा, ना पुसल्याची रेघ. म्हणजे आपण झाकण उघडलंत, चार इंच जवळ गेलात, लेन्सशेजारचा प्रीसेट पिळलात, आणि लेन्सकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. ही एकाग्रता अर्जुनालाही जमली नसती.

इअरबडवर दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल, हलक्या हाताने एक फेरी, कोरड्या बडने दुसरी. एवढंच काम होतं. लेन्स प्लास्टिकची असते आणि केसासारख्या तारांवर तरंगत असते, म्हणून जोर लावायचा नाही. आपण थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरला नाहीत याबद्दल मात्र मनापासून आभार. आपल्या काही व्यवसायबंधूंनी तेही करून लेन्स कायमच्या दुधाळ केल्या आहेत.

मी लेन्स पुसली. डिस्क घातली. लेन्स नेमाने वर-खाली झाली, म्हणजे फोकस शोधण्याची धडपड चालू होती. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तिरकस पाहिलं तर जांभळट ठिपका उजळलेला. (थेट लेन्समध्ये डोळा घालून पाहणारे वीर आपल्या मंडळीत आहेत. त्यांना माझा दुरूनच दंडवत.) उजेड आहे, फोकसची हालचाल आहे, तरी वाचन शून्य. कारण मरणारा लेझर बऱ्याचदा विझत नाही. सोसवेल त्याहून जास्त उजेड सतत मागितला की त्याचं तोंड जळतं आणि तो साध्या एलईडीसारखा मिणमिणत राहतो. कॅमेऱ्याला तो जिवंत वाटतो, डिस्कला वाटत नाही. ज्या हेडला काही झालं नव्हतं, ते ‘वीक’ असल्याचं आपलं निदान शेवटी खरं ठरलं. ते खरं होईल याची तजवीज आपणच केली होतीत.

आपल्या बाजूनेही एक सांगतो, नाहीतर म्हणाल पत्र एकतर्फी आहे. मामाने आपल्याला सांगितलं असणार की, ‘गाण्याची सीडी वाजते, सिनेमा लागत नाही.’ हे ऐकून कुणाचाही गोंधळ व्हावा. व्हीसीडीचा करार १९९३ सालचा. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी मिळून केलेला. साध्या सीडीवर ७४ मिनिटांचं चित्र बसवायचं होतं. जागा पुरावी म्हणून चित्राच्या भागांत संगणकाच्या सीडीवर असतो तो चुका दुरुस्त करण्याचा जादा थर ठेवला नाही. गाण्यात एखादा तुकडा वाचता आला नाही तर प्लेअर आजूबाजूच्या आवाजावरून तो भरून काढतो, कानाला कळतही नाही. चित्रात तोच तुकडा हरवला की नायिकेच्या नाकाच्या जागी चौकोन येतात. म्हणून गाणी वाजली तरी हेड स्वच्छ आहे असं ठरत नाही. सिनेमा अडकला म्हणजे हेड गेलं असंही ठरत नाही.

आणि आपला तो दुसरा हुकमी एक्का: ‘डिस्कच खराब आहे.’ डिस्कवर साधारण अडीच मिलिमीटर लांबीची माहिती सलग नाहीशी झाली तरी मूळ दुरुस्ती-पद्धत ती पूर्ण परत मिळवते. चकाकत्या बाजूचे बारीक ओरखडे तेवढ्यापुरते माफ असतात, कारण माहिती त्या बाजूला नसतेच. १.२ मिलिमीटर जाडीच्या डिस्कमध्ये ती छपाईच्या बाजूला, लाखेच्या पातळ थराखाली असते. व्हिडिओ लायब्ररीवाले नेमके तिथेच आपल्या नावाचं स्टिकर चिकटवत आणि घरातली मंडळी ते नखाने सोलत. स्टिकरबरोबर अॅल्युमिनियमचा मुलामाही निघून यायचा. अशी डिस्क दिव्यासमोर धरली की आरपार उजेड दिसतो. तिथे उस्ताद असो की खुद्द लेझरचा शोध लावणारा, कुणाचंच काही चालत नाही. पण मामाकडच्या डिस्कांत अशी एकच होती. उरलेल्या शाबूत होत्या. त्यांत मामेबहिणीच्या लग्नाची सीडी-आर होती, आणि आपल्या प्रीसेटला तिने कधीच जुमानलं नसावं. कारखान्यातल्या छापील डिस्कपेक्षा सीडी-आर थोडी कमी चमकते आणि सीडी-आरडब्ल्यू तर फारच कमी. जुन्या प्लेअरना ती म्हणूनच जड जाते.

आपण म्हणाल, एवढी हौस होती तर लग्न संगणकात टाकून पाहायचं. टाकलं की. व्हीसीडी संगणकात उघडली की एक ‘सीडीआय’ नावाचा फोल्डर दिसतो. फिलिप्सने १९९१ साली काढलेल्या सीडी-आय यंत्रावरही डिस्क चालावी म्हणून ती तरतूद होती. यंत्र केव्हाच बाजारातून उठलं, फोल्डर मात्र वऱ्हाडाच्या जेवणावळीशेजारी अजून हजर आहे. पण मामाला प्लेअरच हवा होता. त्याला त्याच रिमोटवर, त्याच जाड टीव्हीवर ‘पॉज’ दाबून कोण कोण आलं होतं ते दाखवायचं असतं. त्याच्याशी वाद घालणार कोण?

तर मी नवं हेड आणलं. इथे आपल्याला एक सांगून ठेवतो, आपल्या पुढच्या बळीच्या हिताचं आहे. लेझर डायोडला अंगावरच्या स्थिर विजेचा झटकाही सोसत नाही. म्हणून नव्या हेडच्या पट्टीवर दोन बिंदू सोल्डरच्या थेंबाने जोडून येतात. रिबन बसवली की तो थेंब काढायचा, आणि रिबन लागण्याआधी काढायचा नाही. थेंब तसाच ठेवला तर लेझर पेटतच नाही. मग दुकानात ‘नवं हेडपण डुप्लिकेट निघालं’ हे वाक्य म्हणून गिऱ्हाईकाला तिसरं हेड विकता येतं.

हेड बसलं. गाणी वाजली, चित्र आलं. अर्ध्या तासाच्या पुढे पुन्हा चौकोन, मग सगळं थिजलं. आपल्या शाळेत इथे प्रीसेट फिरवतात. मी डिस्क आतून बाहेर वाचली जाते एवढंच आठवलं. सुरुवातीला मोटर सर्वांत जोरात, मिनिटाला सुमारे ५०० फेरे फिरते आणि बाहेर येता येता २०० वर येते. मोटर दमलेली असती तर सुरुवातीलाच, डिस्कची अनुक्रमणिका वाचताना अडखळली असती. इथे आतला भाग सुरळीत होता आणि गाडी बाहेरच्या वाटेवर थांबत होती. म्हणजे दोष हेड ज्या दांडीवर सरकतं तिथे. बोट लावून पाहिलं. दांडीवरचं ग्रीस वाळून पिवळ्या डिंकासारखं झालं होतं, आणि गिअरच्या दात्यांत त्याच्या गुठळ्या. हेड सरकायचं, अडायचं, मग एकदम उडी मारायचं. सगळं जुनं ग्रीस अल्कोहोलने काढलं, दांडी बोटाला कोरडी लागेपर्यंत पुसली आणि पांढऱ्या ग्रीसचा पुसट हात फिरवला. घरात शिलाई मशिनचं तेल होतं, पण ते ओघळून लेन्सवर जातं म्हणून बाजूला ठेवलं. तीन डिस्कच्या ट्रेचा सैल झालेला बेल्ट बदलला. लग्न मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत विनाअडथळा लागलं.

आता आपली वकिली करणारेही भेटतात. ते म्हणतात, तेव्हा सगळेच असं करायचे, गिऱ्हाइकाला तासाभरात प्लेअर हवा असायचा. घाई होती हे मान्य. पण पुसायला दोन मिनिटं लागतात आणि पिळायलाही दोनच. ज्यांनी आधी लेन्स पुसली, मग दांडी पाहिली, मग मोटर आणि रिबन तपासली, असे कारागीर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला होते, आमच्या पुण्याच्या बुधवार पेठेतही होते, आणि त्यांचंही पोट भरत होतंच. प्रीसेटला हात लावायची वेळ आलीच, तर ते आधी त्याच्या मूळ जागी मार्करने खूण करत, मीटर जोडत, आणि केसभर फिरवून थांबत. आपण टोकापर्यंत गेलात. तेव्हा घाईचं कारण चालणार नाही; आळस आणि अज्ञान दोन्ही शाबीत आहेत.

वाचकहो, आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर असा प्लेअर असेल आणि दुरुस्तीवाला लेन्स न पुसताच ‘हेड सेट करून देतो’ म्हणाला, तर त्याला चहा पाजा, प्लेअर उचला आणि घरी या.

कळावे,
आपल्या कर्तबगारीचा लाभार्थी,
मामाचा भाचा

ता. क. मामाच्या आठवणीप्रमाणे ‘सेटिंग’चे आपण तीनशे रुपये घेतले होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत नवंकोरं हेड मला अडीचशेला मिळालं.