जगात जर्मनी, माळ्यावर धूळ

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या म्हणीचा खरा अर्थ मला एका भंगारवाल्याकडे कळला. त्याच्याकडे जुन्या स्पीकरची जोडी होती. जड लाकडी खोकी, जाळीवर उंदरांची नक्षी. “जर्मन माल आहे, साहेब.” मागच्या पट्टीवर चक्क ‘कलकत्ता’ छापलेलं. कलकत्त्यानं सत्तरच्या दशकापासून उत्तम स्पीकर केले, पण आपल्याकडे उचलताना कंबर धरली की वस्तू जर्मन!

मीही जाणकार. मल्टिमीटर लावला, आठ ओहमच्या स्पीकरला साडेसहाच्या आसपास भरले, म्हणजे कॉइल शाबूत. कोन बोटांनी अलगद दाबला, घासला नाही. कडेचा फोम मात्र सादळलेल्या पापडासारखा हातात आला. त्यात कुणाचा दोष नाही. फोम पंधरा-वीस वर्षांत कुजतोच. रबराची कडा असती तर टिकली असती. नवी कडा चिकटवली, क्रॉसओव्हरमधले सुकलेले कपॅसिटर बदलले. एवढ्यात नवी जोडी आली असती, असं बायको म्हणाली. संगीतातलं तिला काही कळत नाही. हिशेबातलं कळतं, हीच अडचण.

मुहूर्ताला आकाशवाणी परभणी लावलं. १९६८ सालचं केंद्र, घरचंच. मध्यम लहरींवरची खरखर आता अगदी सुस्पष्ट, डावी-उजवीकडून सारखी येऊ लागली. डोळे मिटले, तोच वीज गेली. पाठोपाठ गल्लीत वरातीचा डीजे शिरला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, माझे बंद स्पीकरही थरथरले.

“आता बेस बरा येतोय,” आतून आवाज आला.