स्वीस भाऊ

चंद्रपुरात कूलरमधली घास बदलायला माणूस मिळेनासा झाला की समजावं, स्वीस भाऊंचा निघायचा दिवस जवळ आला.

हा काही एकच माणूस नाही. तुकुमला एक आहे, रामनगरला एक आहे, बल्लारपूरला दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. अलीकडे सुरजागडच्या लोखंडाचे ट्रक धावायला लागल्यापासून गडचिरोलीतही एक उगवलाय. धंदा कोळसा वाहतुकीचा, रेतीचा नाहीतर बांधकामाचा, बहुतेकदा तिन्हींचा. दारात फॉर्च्युनर, गळ्यात साखळी, खिशात खर्रा. खरं नाव आधारकार्डावर असतं. गाव नुसतं भाऊ म्हणतं आणि एकदा बर्फ पाहून आले की स्वीस भाऊ.

भाऊंकडे पैसा किती, ते त्यांच्या सीएलाही नक्की ठाऊक नसावं. पण पैशापेक्षा त्यांचा भरवसा ओळखीवर जास्त. आरटीओत ओळख, तहसिलात ओळख, नागपूरच्या प्रत्येक मोठ्या दवाखान्यात ‘आपला माणूस’. ताडोबाचं बुकिंग ऑनलाईन होऊन जमाना झाला, तरी पुण्याचा पाहुणा आला की भाऊ छातीवर हात ठेवून म्हणणार, “कायले कंप्यूटर उघडता जी? मोहर्लीच्या गेटवर आपला माणूस हाय.” मंगळवारी ताडोबा बंद असतं, हे जगाला ठाऊक. भाऊंनी एकदा मुंबईच्या एका साहेबाला मंगळवारी वाघ दाखवतो म्हणून शब्द दिला. आणि पाळला! रात्री जेवण झाल्यावर साहेबाला गाडीत घालून ऊर्जानगरच्या रस्त्यानं दोन चकरा मारल्या, तर वीज केंद्राच्या कुंपणाजवळच्या झुडपातून महाराज स्वतः बाहेर आले. 2920 मेगावॉटचा तो प्रकाश पाठीशी, समोर वाघ. साहेबाची वाचा बसली. भाऊ शांतपणे म्हणाले, “सांगून ठेवलं होतं.”

असा माणूस दरवर्षी मे महिन्यात देश सोडून जातो, याचं कारण उन्हाळा. आमचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळत नाही. 2019 च्या मे महिन्यात पारा 48 वर गेला तेव्हा दुपारी जटपुरा गेटसुद्धा मोकळं होतं. एरवी तिथून सायकल काढायची म्हणजे परीक्षा. एकेकाळी भाऊ चिखलदऱ्याला जात. मग वर्गातला मित्र मनालीला जाऊन आला, त्याच्यावर म्हणून भाऊ काश्मीरला गेले. मग व्याही गुलमर्गला जाऊन गोंडोल्यात बसले. आता व्याह्याच्या वर जायचं तर देश ओलांडण्यावाचून इलाज उरला नाही.

निघण्याआधी आठ दिवस चौकात फ्लेक्स लागतो : ‘स्वित्झर्लंड दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा’. मध्ये भाऊ गॉगल लावून, मागे बर्फाचा डोंगर, खाली शुभेच्छुकांचे पंचवीस चेहरे. त्यातले निम्मे त्यांच्याच ट्रकांवरचे ड्रायव्हर. डोंगर फ्लेक्सवाल्याच्या कंप्यूटरमधला असतो आणि दिसायला हुबेहूब अमरनाथ.

बॅग भरायचं खातं वहिनींचं. त्यात जवसाची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, चिवड्याचे पाच पुडे, लसणाचा ठेचा तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक. खर्ऱ्याचं खातं मात्र भाऊ कोणाच्या हाती देत नाहीत. सुपारी वेगळी, चुना वेगळा, तंबाखू वेगळी. घोटायची पन्नी आणि खाली घ्यायची पाटीसुद्धा सोबत. तिकडे गेल्यावर ताजा घोटायचा, असा बेत. विमानतळावर चुन्याची डबी उघडून एका अधिकाऱ्यानं बोटावर घेतली, हुंगली आणि वरच्याला बोलावलं. भाऊंनी दोघांनाही समजावलं. कोणत्या भाषेत ते देव जाणे, पण डबी परत मिळाली. भाऊंच्या मते हा त्यांच्या स्वभावाचा विजय; वहिनींच्या मते ते दोघं कंटाळले.

स्वित्झर्लंडात मात्र ओळख संपते, आणि भाऊंची खरी हालत तिथं सुरू होते. त्या देशात गाडी 9 वाजून 4 मिनिटांची असेल तर ती 9 वाजून 4 मिनिटांनीच जाते. “मागून माणसं येऊन रायली जी,” असं सांगायला कोणी गार्ड खाली उतरलेला नसतो. एंगलबर्गहून टिटलिसला चढताना शेवटच्या टप्प्याला ती स्वतःभोवती गरगर फिरणारी केबल कार, रोटेअर. 1992 पासून ती भारतीयांना डोंगर चारही बाजूंनी दाखवते आहे. भाऊंनी रांगेत पुढे जाऊन आपलं कार्ड दाखवलं. कार्डावर कोळसा, रेती आणि गणेश मंडळाचं अध्यक्षपद. तिथल्या माणसानं कार्ड वाचलं, थँक यू म्हटलं आणि खिशात ठेवलं. भाऊ रांगेच्या शेवटी. इतकी नम्र बेइज्जती त्यांच्या आयुष्यात पहिलीच.

पण 3020 मीटरवर देव पावला. वर शाहरुख आणि काजोलचा पुठ्ठ्याचा उभा कटआउट आहे. ‘दिलवाले’ येऊन इतकी वर्षं झाली तरी लोक त्याच्याशेजारी रांग लावतात. भाऊंनी शाहरुखच्या खांद्यावर असा हात टाकला की पुठ्ठा वाकला. तो फोटो दहा मिनिटांत तेरा ग्रुपवर गेला. खाली ओळ : ‘जुनी ओळख’. पुढे वीस फुटांवर खर्ऱ्याची वेळ झाली आणि घोटाळा झाला. सगळीकडे पांढरं शुभ्र. कोपरा नाही, जिना नाही, भिंत नाही. चंद्रपूरचा माणूस जन्मात पहिल्यांदा थुंकायला जागा शोधत होता आणि आल्प्सनं त्याला कुठंच आडोसा दिला नाही. शेवटी भाऊंनी तो गिळला. संध्याकाळपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत, तर सहलीतल्या नाशिकच्या मंडळींनी ते निसर्गाशी तादात्म्य पावले असा समज करून घेतला.

स्कीइंगचंही तसंच. पायात त्या लांब पट्ट्या बांधून घेतल्या, काठ्या धरल्या, एक फोटो निघाला, पट्ट्या सोडल्या. तो फोटो आता बैठकीत टीव्हीच्या वर आहे. “चालवता येते का जी?” म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, “तेवढा टाईम नव्हता.”

झरमॅटनं त्यांना सगळ्यात जास्त छळलं. मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं हे गाव इतकं श्रीमंत की हॉटेलच्या एका रात्रीत इकडे एक जुनी बुलेट यावी. आणि गावात पेट्रोल-डिझेलची गाडीच न्यायची नाही. गाड्या खालच्या गावात ठेवून आगगाडीनं वर यायचं, वर बॅटरीच्या डब्ब्यांतून फिरायचं. “म्हंजे पैसा कमवाचा, गाडी घ्याची, अन् दाखवाची कोठी?” भाऊंचा हा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. दावोस त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलं. तरी परतल्यावर ते दावोसबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात, कारण जानेवारी 2025 मध्ये गडचिरोलीच्या पोलादाचे हजारो कोटींचे करार तिथंच झाले. “आपल्या गडचिरोलीचं समदं तिथं ठरते. जागा पाहून आलो.”

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट मात्र भाऊंनी नीट ऐकली. गाइड सेंट मॉरित्झची गोष्ट सांगत होता. योहान्स बाड्रुट नावाच्या हॉटेलवाल्याकडे इंग्रज पाहुणे फक्त उन्हाळ्यात येत. हिवाळ्यात तिथं कोण मरायला जाणार! 1864 साली त्यानं पैज लावली म्हणे, हिवाळ्यात येऊन बघा, नाही आवडलं तर प्रवासखर्च माझा. ते नाताळाला आले आणि ईस्टरपर्यंत हललेच नाहीत. बसमध्ये सगळे डुलक्या घेत होते. भाऊ ताठ बसले. “म्हंजे ज्या दिवसांत लोक पळून जाते, तेच दिवस विकले यानं.”

पुढच्याच वर्षी मोहर्लीच्या रस्त्याला भाऊंचं रिसॉर्ट उभं राहिलं. बर्फ घसरून पडावा म्हणून छपरं अशी उतरती की माकडंसुद्धा घसरतात. प्रत्येक खोलीत शेकोटीची चिमणी, तिच्यात बसवलेला एसी. बाहेर स्वीस टेंट. जेवणात तर्री-पोहे आणि फोंड्यू, पण फोंड्यू कोणी मागत नाही. आणि हंगाम? एप्रिल-मे! जंगल वाळतं, आडोसा उरत नाही, वाघ दुपारभर पाणवठ्यात बसून राहतो. त्या वाघासाठी पुण्या-मुंबईची माणसं हजारो रुपये मोजून, तोंडाला दुपट्टा बांधून, 45 डिग्रीत उघड्या जिप्सीत बसतात आणि संध्याकाळी भाजलेलं नाक घेऊन धन्य होतात. सचिन तेंडुलकर येऊन गेल्यापासून तर विचारूच नका. त्याच दिवसांत आसपासच्या गावच्या बाया पहाटे मोहफुलं वेचायला, मग तेंदूपत्ता तोडायला त्याच जंगलात जातात. त्यांना वाघ दिसला तर फोटो निघत नाही. कधी कधी घरच्यांच्या नावे भरपाईचा चेक निघतो. हे भाऊंना ठाऊक नाही असं नाही. त्यांच्या रिसॉर्टमध्ये भांडी घासणाऱ्या दोघी त्याच गावच्या आहेत. ते या विषयावर बोलत नाहीत, एवढंच.

धंदा असा तेजीत असताना मालक मात्र एंगलबर्गला. तिथून रोज मॅनेजरला फोन.

“गरमी किती?”

“सत्तेचाळीस, भाऊ. मरून रायलो.”

“मस्त. वाघ पाण्यात असन. रेट दोन हजारानं वाढव.”

मागच्या वर्षी भाऊ जरा लवकर परतले आणि रिसॉर्टवर एक खराखुरा स्वीस पाहुणा गाठ पडला. बासेलचा, निवृत्त मास्तर, सकाळच्या फेरीत वाघीण आणि तीन बछडे पाहून आलेला, आनंदानं लालबुंद. भाऊंनी त्याला टीव्हीवरचा फोटो दाखवायला म्हणून चंद्रपूरला घरी नेलं. वहिनींनी पन्हं दिलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत चौकशी झाली. तेव्हा कळलं, मास्तर टिटलिसला जन्मात गेलेला नाही. घरापासून इतकं जवळ, जाऊ केव्हातरी म्हणत राहून गेलं. शिवाय तिथं गर्दी फार, आणि तिकीट महाग. उलट त्यानंच भाऊंना विचारलं, तुम्ही ताडोबात वाघ किती पाहिले? भाऊंनी कोअरमध्ये एकही सफारी केलेली नव्हती. तिकीट काढून वाघ पाहायचा हा त्यांना अपमान वाटतो.

भाऊ बराच वेळ त्या माणसाकडे पाहत राहिले. मग त्यांना दया आली. उठले, खिशातून कार्ड काढलं, मागे पेनानं सही केली आणि त्याच्या हातात ठेवलं.

“टिटलिसले जासान तवा हे दाखवजा. वर केबल कारवर आपला माणूस हाय. माझं कार्ड हाय त्याच्यापाशी.”