गवतावर चालू नये

सोसायटीतल्या लॉनचा खरा उपयोग एकच: त्यावर ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी लावता येते. मुलांनी खेळायचे नाही, आजोबांनी बसायचे नाही. मुभा फक्त माळीकाकांना, तीही यंत्र ढकलत. ते यंत्र एडविन बडिंग या इंग्रजाने 1830 साली आणले. त्याआधी तिकडे हे काम कोयते आणि मेंढ्या करत. इंग्लंडात लॉन शोभते, कारण तिथला पाऊस बारा महिने अधूनमधून डोकावून जातो. पुण्यात तो चार महिने असतो, नंतर टँकर येतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात गवताला रोज 5 मिलिमीटर धरले, तर 200 चौरस मीटरचे लॉन दिवसाला 1,000 लिटर पिते. म्हणजे दर दहा दिवसांनी दहा हजार लिटरचा एक टँकर गवताच्या घशात, आणि वर राहणाऱ्यांना पाण्याचे वेळापत्रक! एवढे करून या लॉनमध्ये हरळी उगवली की तिला तण म्हणून मुळासकट उपटतात. तीच हरळी गणपतीत दूर्वा होते आणि एकवीसची जुडी आपण पैसे मोजून आणतो.

तेव्हा जमिनीलगत पसरणारी झाडे लावावीत. कडक उन्हात जलपिंपळी उत्तम: थोडे चालणे सोसते, कातरणी क्वचितच मागते आणि तिच्या इवल्या फुलांवर मधमाश्या येतात. पिंटोई भुईमूग हवेतला नत्र जमिनीत आणतो, पिवळी फुलेही देतो. शेंगांची आशा मात्र धरू नये. झाडाखालच्या सावलीत गवत असेही कुढतच असते, तिथे मोंडो ग्रास किंवा जांभळ्या पट्ट्यांचा झेब्रिना सुखाने राहतो. फुलझाडांतल्या ‘ऑफिस टाइम’ला ऊन लागते. तो सकाळी उशिरा उघडतो, दुपारी मिटतो आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. फक्त नर्सरीवाला आग्रहाने वेडेलिया देईल, ती नको. फुकटात पसरते हा तिचा गुण सांगतात. पण जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत ती याच गुणावर पोहोचली आहे.

आक्षेप येणारच. मुलांनी क्रिकेट कुठे खेळायचे? हा आक्षेप खरा आहे. रोजच्या धावपळीपुढे यातले एकही झाड टिकणार नाही. तेवढा तुकडा हरळीला द्यावा आणि पाटी काढावी. तण माजेल? पहिले वर्ष माजते, निंदावे लागते. पाने एकमेकांना भिडली की तणाला ऊन मिळत नाही. साप येतील, हा आक्षेप वार्षिक सभेत सर्वांत मोठ्या आवाजात येतो. साप शोभा बघायला येत नाही, उंदरामागे येतो, आणि उंदीर येतो कचराकुंडीसाठी. वीतभराच्या आत राहणारी झाडे निवडावीत, पायवाट मोकळी ठेवावी आणि कुंडीचे झाकण लावावे. झाकणाचा ठराव मात्र गेली तीन वर्षे कोरमअभावी तहकूब असतो.