ना पंखा, ना हीटर!

विश्वास बसणार नाही, पण सांगते. लोक हल्ली हवा बघून देश निवडतात. हो, हवा! पगार नाही, विद्यापीठ नाही, मुलांच्या शाळा नाहीत, नातेवाईक तर नाहीतच नाहीत.

आमच्या वेळी परदेशी गेलेल्याला हवेबद्दल विचारायचं ते निव्वळ रीत म्हणून. आयएसडीच्या फोनवर मिनिटागणिक पैसे पडायचे, तरी "तिकडे थंडी कशी आहे?" हा प्रश्न ठरलेला आणि "खूप आहे" हे उत्तरही ठरलेलं. शिकागोत उणे वीस, टोरांटोत गुडघाभर बर्फ, आणि ते सांगतानाचा रुबाब असा की थंडी ह्यांनीच पाडली असावी. पहाटे उठायचं, फावड्याने बर्फ उपसायचा, गाडी काढायची, कामावर जायचं. कुणी कुरकुर केलीच तर घरचेच म्हणायचे, "मग डॉलर काय फुकट मिळतात?" विषय संपला.

आता त्याच घरांतली पुढची फळी बघा. पासपोर्ट झालेला, गृहकर्ज फिटत आलेलं, काम लॅपटॉपवर. पन्नाशीही गाठलेली नाही आणि म्हणतात, "आता कुठेतरी चांगल्या हवेत राहायला जाऊ." अहो, चांगल्या हवेत जायचं ते क्षयरोग झाल्यावर! डॉक्टरांनी हवापालट सांगितला की पाचगणी नाहीतर देवळाली गाठायची. ही धडधाकट माणसं, रोज दहा हजार पावलं चालणारी, ह्यांना कसला हवापालट?

बरं, चांगली हवा म्हणजे काय ते विचारून बघा. आपल्याला वाटतं, थोडं ऊन, थोडा गारवा, झालं. छे! ह्यांची एक्सेल शीट असते. कमाल तापमान, किमान तापमान, पावसाचे दिवस, उन्हाचे तास, आणि सगळ्यांत शेवटी तो ड्यू पॉइंट, म्हणजे हवेतल्या दमटपणाचं माप. उपवर मुलाची पत्रिका कुणी बघणार नाही इतक्या बारकाईने गावाचा ड्यू पॉइंट बघतात. 16 अंशांच्या खाली असला तर बोलणी पुढे, 20 च्या वर गेला की नकार. पावसाळ्यात आपल्या मुंबईचा 24-25 च्या घरात असतो, म्हणजे घाम येतो आणि जायचं नाव घेत नाही. ज्याचं कॉलेज डोंबिवली लोकलच्या दारात लटकून पार पडलं, त्याने "आम्हाला 16 च्या वर सोसत नाही" म्हणावं? नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

त्यातून भाषा अशी की ऐकणाऱ्याने गप्प बसावं. व्लादिमिर कोपेन नावाच्या शास्त्रज्ञाने जगाच्या हवामानाचे प्रकार पाडून त्यांना अक्षरं दिली, ती शाळेत भूगोलाच्या तासाला कुणी ढुंकून पाहिली नाहीत. आता मात्र "आम्ही सीएसबी शोधतोय" असं चहा पिता पिता सांगतात. शेजारच्या काकांना ती बँक वाटली. सीएसबी म्हणजे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा पण न भाजणारा. पोर्तो आणि सॅन फ्रान्सिस्को ह्या घराण्यातले. अट एकच: घरात पंखा लागता कामा नये आणि हीटरही लागता कामा नये. ना पंखा, ना हीटर!

ही अट पाळणारी गावं नाहीत असं नाही. युक्ती साधी आहे. विषुववृत्ताजवळ वर्षभर तापमान फारसं हलत नाही, आणि हजार मीटर वर चढलं की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. तेव्हा विषुववृत्ताजवळचा डोंगर गाठायचा. कोलंबियातलं मेदेयिन 1500 मीटरवर; त्याचं टोपणनावच चिरंतन वसंताचं शहर. हेच बिरुद मेक्सिकोतलं क्वेर्नावाका मिरवतं, आणि चीनमधलं कुनमिंगही वसंताचं शहर म्हणवून घेतं. वसंत एक आणि दावेदार इतके! पनामात बोकेते, इक्वेडोरमध्ये क्वेन्का, कोस्टा रिकात आतेनास. ही नावं आता दादर-पार्ल्याच्या दिवाणखान्यांत घेतली जातात, तीही अशा सहजतेने की जणू एसटीने रात्री निघून सकाळी पोचता येईल.

पण दुरून डोंगर साजरे हे आपल्या आज्या काय उगाच म्हणून गेल्या? मेदेयिन दरीत वसलंय. हवा सुखाची खरी, पण वर्षातून एक-दोनदा ती दरीतच कोंडते, गाड्यांचा धूर वर जाता जात नाही आणि गाड्यांवर निर्बंध घालायची वेळ येते. क्वेन्का 2500 मीटरवर. म्हणजे सिंहगडाच्या जवळजवळ दुप्पट उंची, आणि तिथे रोज भाजी आणायला जायचं. पहिले काही दिवस जिना चढताना धाप, दुपारी ऊन असं की कातडी सोलवटावी, आणि सूर्य मावळला की स्वेटर. चारही ऋतू एका दिवसात उरकतात. बोकेतेला डोंगरावरून बारीक तुषार येत राहतात; त्याला तिथले लोक 'बाहारेके' म्हणतात. जाहिरातीत त्यात इंद्रधनुष्य असतं, घरात मात्र त्यामुळे टॉवेल वाळत नाही.

आणि खरी गंमत पुढेच. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात इक्वेडोरमध्ये पाऊस रुसला, धरणं आटली, आणि त्या देशाची बरीचशी वीज पाण्यावर चालत असल्याने दिवसाला 14-14 तास वीज जाऊ लागली. लोडशेडिंग हो! ज्या लोडशेडिंगला कंटाळून 2005 च्या सुमाराला आपण इन्व्हर्टर घेतले, ते शोधत लोक अँडीजमध्ये पोचले. पंखा लागत नाही हे खरं, पण फ्रिज तर लागतो ना?

डोंगर नको म्हणणारे समुद्राकडे वळतात आणि सगळे रस्ते पोर्तुगालला जातात. आमची एक भाची न्यू जर्सीहून तिथेच गेली. लिस्बनची शीट तिने मला दाखवली होती: जानेवारीतही दुपारी 15 अंश, बर्फाचं नाव नाही, उन्हाचे तास भरघोस. जानेवारीत व्हिडिओ कॉल केला तर बाईसाहेब घरात, सोफ्यावर, डोक्याला लोकरीची टोपी, अंगावर गोधडी. म्हटलं, "अगं, घरात टोपी कशाला?"

"मावशी, बाहेर 15 आहे. घरात 13."

मी म्हटलं, "मग बाहेर जाऊन बस की!"

"पाऊस आहे गं."

मग तिने फोन फिरवून घर दाखवलं. काय सुंदर घर! उंच छत, निळ्या नक्षीच्या टाइल्स, संगमरवरी फरशी, मोठमोठ्या खिडक्या, एकेरी काचेच्या, आणि त्यांच्या फटींतून सुळसुळ वारा. भिंतींत उष्णता धरून ठेवणारं काही नाही. कपाट जरा पुढे ओढलं तर मागे भिंतीवर काळी बुरशी, अगदी आपल्या कोकणातल्या घरासारखी. कोपऱ्यात हवेतली ओल शोषणारं यंत्र घुरघुरत होतं. त्याची बादली ती रोज सकाळी रिकामी करते. न्यू जर्सीत बाहेर उणे दहा असताना ही मुलगी घरात टीशर्टवर वावरायची!

ह्यात तिचं नशीब वाईट नाही. थंड देश थंडीचा धाक बाळगून घरं बांधतात. सुखाच्या हवेचे देश म्हणतात, दोन महिने काढायचे ते काढू. युरोपीय संघाच्या 2023 च्या पाहणीत घर पुरेसं उबदार ठेवणं परवडत नाही असं सांगणाऱ्यांत स्पेन आणि पोर्तुगाल सगळ्यांत वर होते, तिथे जवळपास पाचांत एक माणूस असं म्हणाला. फिनलंडमध्ये बोटावर मोजण्याइतके. शीटमध्ये हा कॉलम नसतो. शीटमध्ये बाहेरची हवा असते आणि माणूस राहतो आत.

कॅलिफोर्नियावाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. त्यांना वाटतं, आम्ही जिंकून बसलोय. रेडवुड सिटी ह्या गावाने तर कमानीवर लिहून ठेवलंय की सरकारी कसोटीला उतरलेली उत्तम हवा इथेच. बे एरियातले मराठी लोक गणपतीत, दिवाळीत, बाराही महिने तेच ऐकवतात. मग आई-वडील जुलैत मलमलचे कपडे घेऊन जातात, सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यात कुडकुडतात आणि फोटोत सूनबाईंचं जाकीट घालून उभे राहतात. तेही चालेल, पण 2023 च्या मे महिन्यात तिथल्या सगळ्यांत मोठ्या घर-विमा कंपनीने नव्या पॉलिसी देणंच थांबवलं, वणव्यांची जोखीम हे एक कारण देऊन. हवा कोरडी आणि छान आहे, म्हणूनच डोंगर पेटतात. हवेला पैकीच्या पैकी गुण आणि घराला विमा नाही!

आता तिथले मूळचे लोक काय म्हणतात, हेही ऐका, कारण ते आता गप्प बसत नाहीत. कॅनरी बेटांवर कायम वसंत असतो अशी ख्याती. 2024 च्या एप्रिलमध्ये तिथले हजारो लोक रस्त्यावर उतरले, आमच्या बेटांनाही काही मर्यादा आहे म्हणत. त्याच जुलैत बार्सिलोनात काही निदर्शकांनी हॉटेलांबाहेर खात बसलेल्या पाहुण्यांवर चक्क पिचकाऱ्या मारल्या. भर जुलैत रंगपंचमी! राग हवेचा नाही, भाड्याचा. बाहेरचा माणूस डॉलरमध्ये कमावून येतो, घरमालक भाडं वाढवतो, आणि त्या गल्लीतल्या बेकरीवाल्याची मुलगी शहराबाहेर राहायला जाते. मग सरकारंही सावध होतात. पोर्तुगालने 2023 मध्ये घर घेऊन गोल्डन व्हिसा, म्हणजे राहायचा परवाना, मिळवायची वाट बंद केली, स्पेनने 2025 मध्ये आपली ती योजनाच गुंडाळली.

आणि व्हिसाचं म्हणाल तर पनामा आणि कोस्टा रिका निवृत्तांना पायघड्या घालतात. अट एवढीच, महिन्याला किमान 1000 डॉलर पेन्शन आयुष्यभर चालू हवी. आपल्याकडे ईपीएस-95 ह्या कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन 2014 मध्ये ठरली, तीही महिन्याला 1000. रुपये. आकडा तंतोतंत जुळतो, फक्त चलनाने घोळ केला. तेव्हा आपण आपलं गॅलरीत बसावं आणि दुसऱ्याच्या ड्यू पॉइंटची चौकशी करावी.

हे खूळ आजचं मात्र नाही हं. इंग्रजांनी ते दोनशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय. लंडनचा हिवाळा चुकवायला ते दक्षिण फ्रान्समध्ये नीसला जाऊन राहायचे. तिथला समुद्रकिनाऱ्याचा रस्ता आजही 'इंग्रजांचा फेरफटका' ह्याच नावाचा आहे. पण नीसमध्ये ते राहायचे कधी? फक्त हिवाळ्यात. उन्हाळा आला की चंबूगबाळं आवरून पसार.

आणि आपल्याकडे तर त्यांनी कमाल केली. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम ह्याला महाबळेश्वरची हवा आवडली, तर त्याने 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ते ठिकाण मागून घेतलं, बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव देऊन. हवेसाठी गावांची अदलाबदल! मग पुढचे गव्हर्नर तरी तिथे बारमाही राहिले का? नाव नको. जूनमध्ये तिथे पाऊस कोसळायला लागला की साहेब खाली पुण्यात, गणेशखिंडीच्या बंगल्यात, जिथे आज पुणे विद्यापीठ आहे. पावसाळा पुण्यात, हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरात. अख्खं सरकार, दप्तरं, कारकून आणि खानसामे घेऊन हवेच्या मागे फिरत होतं. साम्राज्य हाताशी असूनही त्यांना बारा महिने सुखाचं एक गाव सापडलं नाही. आमच्या भाचीला एक्सेलमध्ये सापडेल?

म्हणून ज्यांना जायचंच आहे त्यांना माझं एवढंच सांगणं, गाव बघायला त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात जा. लिस्बनला जानेवारीत, थायलंडच्या च्यांग माईला मार्चमध्ये, जेव्हा शेतं आणि जंगलं जळत असतात आणि समोरचा डोंगर दिसत नाही. मे महिन्यात लिस्बन कुणालाही आवडतं, त्यात तुमची हुशारी ती काय?

भाचीला हे ऐकवलं, तर ती रागावली नाही. म्हणाली, "मावशी, घर अजिबात सोडणार नाही. मार्च ते नोव्हेंबर इथे स्वर्ग आहे."

"आणि डिसेंबर ते फेब्रुवारी?"

"तेव्हा पुण्याला येणार ना! कोथरूडचा फ्लॅट रिकामाच आहे. डिसेंबरात तिथे पंखा लागत नाही, हीटर लागत नाही, आणि ड्यू पॉइंट मी बघितलाय."