आस्थापना शाखेचे भाऊसाहेब

ज्या घरात नव्वदी ओलांडलेली माता आणि सत्तरीकडे झुकलेला पुत्र असे दोघेही वृद्धच नांदत असतात, आणि त्यांपैकी कोणी कोणाची काळजी घ्यावी हा प्रश्न सौजन्यापोटी कोणी उच्चारीत नसते, अशा घरात एके दिवशी मातोश्री न्हाणीघरात पाय घसरून पडतात, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते आणि घरी सोडताना डॉक्टर ‘आता माणूस ठेवा’ असा सल्ला देतात. त्या क्षणी पुत्राच्या मुखावर चिंतेच्या जोडीला जे एक तेज झळकते, ते ज्याने पाहिले असेल त्यालाच भाऊसाहेब समजतील. कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला गृहसंस्थेगणिक एखादा तरी भाऊसाहेब असतोच. महसूल खात्यात कारकून म्हणून रुजू होऊन, अव्वल कारकुनीच्या वाटेने नायब तहसीलदारीपर्यंत पोचून, अठ्ठावन्नाव्या वर्षी नियमानुसार सेवानिवृत्त झालेल्या या गृहस्थाच्या हाताखाली गेली दहा वर्षे कोणीही नव्हते. सहधर्मचारिणीला ताकीद देण्याची सोय त्या खात्यात पूर्वीपासूनच नव्हती. आता मात्र एक पद मंजूर झाले होते.

पद मंजूर झाले की अर्हता ठरवणे ओघानेच आले. भाऊसाहेबांना प्रशिक्षित परिचारिका हवी असते, तीही धुणे-भांड्यांना नाही न म्हणणारी. तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम पुरा केलेली मुलगी रुग्णालयातली नोकरी सोडून तुमच्याकडे कमोडचे भांडे उचलायला कशी येईल, हे ब्युरोवाला त्यांना गोड शब्दांत समजावतो, आणि ‘सर, एकदम अनुभवी बाई देतो, नाही पटली तर रिप्लेसमेंट’ असे म्हणून फोन ठेवतो. मग मुलाखत होते. ‘गाव कोणते?’ हा पहिला प्रश्न आणि ‘आडनाव काय?’ हा दुसरा. त्यावरूनही उलगडा न झाल्यास ‘घरी काय काय शिजते?’ हा तिसरा. या तीन प्रश्नांत जे विचारायचे असते ते विचारून होते, आणि ‘आम्ही जातबीत काही मानत नाही हो’ हे वाक्य त्यानंतर येते. तोंडी पाजलेले पाणी, बदललेले लंगोट आणि रात्री दोनला पुसलेली ओकारी या गोष्टींना आडनाव लागत नाही, हे भाऊसाहेबांच्या लक्षात येत नाही असे नाही. परंतु तो विषय त्यांच्या शाखेकडे नसतो.

वेतनाच्या प्रश्नावर मात्र त्यांचा आवाज कापरा होतो. आईवडिलांच्या चरितार्थाचा २००७ सालचा कायदा त्यांना तोंडपाठ आहे, कारण त्या कायद्याखालचे अर्ज प्रांतसाहेबांपुढे चालत आणि त्यांच्या नस्त्या यांनीच बांधलेल्या असत. त्या कायद्याने म्हाताऱ्या जीवाला मुलांकडून महिन्याला फार तर १०,००० रुपये देववता येतात. इकडे बारा तासांची बाई दिवसाला आठशे-नऊशे मागते, त्यातून ब्युरोचा वाटा वजा जातो तो वेगळाच. ‘म्हणजे सरकारच्या हिशेबाने आई दहा हजारांची आणि तिला धरून चालवणारी पंचवीस हजारांची,’ असे ते खिन्नपणे म्हणतात. त्यांच्या नकळत त्यांनी केलेले हे एकमेव सामाजिक भाष्य होय.

नेमणुकीच्या दुसऱ्या दिवशी हुकूमनामा निघतो. सत्तावीस कलमांचा हा दस्तऐवज मातोश्रींच्या उशाशी भिंतीवर डकवलेला असतो आणि चष्मा लावूनही मातोश्रींना वाचता येत नाही इतका बारीक असतो. हजेरीपुस्तकात सात वाजून दहा मिनिटांनी आलेल्या बाईसमोर तांबड्या शाईची फुली पडते. तीन फुल्यांना एक रजा खर्ची. त्याखेरीज एक रोजनामा असतो, त्यात रक्तदाब, साखर, नाश्ता, औषध, कूस बदलल्याची वेळ आणि ‘लघवी : वेळ व अंदाजे प्रमाण’ असे रकाने स्वतः भाऊसाहेबांनी पट्टी लावून आखलेले असतात. चहाच्या साखरेचा डबा कुलपात आणि किल्ली जानव्याला.

अशा राजवटीत बायका टिकत नाहीत. एक मोबाईलवर बोलते म्हणून जाते, एकीला दुपारी डुलकी लागते, एक तीन पोळ्या खाते. एक तर हुकूमनाम्याच्या अकराव्या कलमापर्यंत वाचून, चप्पल घालून, काहीही न बोलता जिना उतरते. भरीस भर म्हणून न्यू जर्सीतल्या धाकट्या बंधूने खोलीत कॅमेरा बसवून घेतलेला असतो. तिकडे उन्हाळ्यात रात्रीचे आठ म्हणजे इकडे पहाटेचे साडेपाच. त्या अपिलीय प्राधिकाऱ्याचे जेवण आटोपले की इकडे फोन वाजतो आणि ‘आईच्या पायाखालची उशी सरकलीय, दादा’ अशी कळकळीची सूचना येते. सात समुद्रांपलीकडून उशी दिसते. दादाही झोपेतून उठवला गेला आहे, हे दिसण्याइतका कॅमेरा भारी नसतो.

या सगळ्यातून एक मावशी मात्र टिकली. उदगीरकडची, शिक्षण सातवी, अनुभव म्हणजे लकवा झालेल्या सासूचे सात वर्षे काढलेले दुखणे. ती मातोश्रींना उठवते ते पाहण्यासारखे असते. आधी दोन्ही पावले जमिनीवर टेकली की नाही ते बघते, मग स्वतःचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला भिडवते, कमरेमागे हात घालते आणि म्हणते, ‘आजी, माझ्या गळ्यात हात टाका. हां. घाई नाही आपल्याला.’ आणि नव्वद वर्षांचा तो अविश्वासू देह काही न बोलता उभा राहतो. हुकूमनाम्यात यासंबंधी कलम नाही.

भाऊसाहेब तिच्यावर प्रसन्न आहेत ते वेगळ्याच कारणाने. तिचा रोजनामा निष्कलंक असतो, आणि पहिल्या आठवड्याच्या मानाने शुद्धलेखनात लक्षणीय सुधारणा असल्याचा शेराही त्यांनी मारला आहे. मातोश्री महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षे शिक्षिका होत्या हे ते विसरतात. दुपारी ते वामकुक्षीला गेले की मातोश्री सांगतात आणि मावशी लिहिते: सकाळचे, आताचे आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंतचेही. ‘मूत्रातला मू दीर्घ गं. आणि प्रमाण जरा कमी लिही, रोज रोज तेच बरं दिसत नाही.’ लेखनकार्य संपले की कुलपातल्या साखरेवाचूनचा, मावशीच्या पिशवीतल्या गुळाचा चहा होतो. मधुमेह मातोश्रींना आहे. पण रोजनाम्यातली साखर गेले दोन महिने आदर्श आहे. एकदा भाऊसाहेबांनी रजा कापण्याची भाषा केली तेव्हा त्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, ‘ऐंशी साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. तेव्हा घरातली भांडी कोणी घासली, आठवतं ना?’ रजा कापली गेली नाही.

भाद्रपदात मावशी महालक्ष्म्या बसवायला गावी गेली. मराठवाड्यातल्या बायका त्या दिवसांत राहत नाहीत, आणि ब्युरोतल्या निम्म्याअधिक बायका मराठवाड्यातल्या, बदली मिळेना. सूनबाईंनी माहेरच्या गौरींचे निमित्त आधीच काढून ठेवले होते. भाऊसाहेब सकाळी आईच्या खोलीत शिरले आणि त्यांनी तिला दोन्ही मनगटे धरून ओढले.

‘अरे, ओढतोस काय! गुडघ्याला गुडघा लाव.’

गुडघा लागेना, कारण तोही दुखराच होता. अर्ध्या तासाने मातोश्री खुर्चीत बसल्या, भाऊसाहेब पलंगावर बसले, आणि दोघेही धापा टाकीत एकमेकांकडे पाहू लागले. मग मातोश्रींनी रोजनामा मागवला, आणि वेळेच्या रकान्यात ‘७.२५’ लिहून त्यावर तांबडी फुली केली. दुपारी, मुलगा पलंगावरच घोरू लागल्यावर, त्यांनी ब्युरोला फोन लावला.

‘सध्या जो माणूस दिला आहे तो चालत नाही हो. वय अडुसष्ट, वजन उचलत नाही, दुपारी झोपतो.’

‘अनुभव काय आहे आजी?’

‘नायब तहसीलदार होता.’

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. ‘आजी, रिप्लेसमेंट पाच-सहा दिवसांनी मिळेल,’ ब्युरोवाला म्हणाला. ‘तोवर त्यालाच चालवून घ्या. आणि त्याला साखर घातलेला चहा देत जा, म्हणजे टिकेल.’