चौदा ओळींसाठी विनंतीपत्र

श्रीयुत संचालक महोदय यांसी,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या कंपनीचे नाव झळकणारे नकाशांचे सॉफ्टवेअर एका नगरपालिकेने विकत घेतले, त्याबद्दल अभिनंदन. आत क्यूजीआयएस ही मुक्त नकाशाप्रणाली आहे आणि मी सांभाळतो ते छोटे प्लगिनही आहे, हे मी पहिल्याच स्क्रीनवर ओळखले. आपण ते विकण्याजोगे मानलेत, हा माझा सन्मानच.

विकायला क्यूजीआयएसच्या परवान्याची ना नाही. ज्याला विकाल त्याला परवान्याची प्रत आणि बदललेला सोर्स कोडही मिळाला पाहिजे, अशी त्याची अट आहे. बटणांचे रंग आपण किती आस्थेने बदललेत! परवान्याचे पान तेवढे काढून टाकलेत.

गुरुवारी रात्री आलेल्या मेलबद्दल आभार. "तातडीचे. शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा, आम्हाला दंड लागेल." इतक्या हक्काने मला माझे साहेबही लिहीत नाहीत, आणि ते पगार देतात. नमुन्याची फाइल मागितली, तर ती गोपनीय निघाली. न पाहिलेल्या फाइलमधली चूक शोधत मी पहाटेपर्यंत बसलो.

"एकदा बनवलेल्या सॉफ्टवेअरला रोज काय करावे लागते?" असे आपण विचारलेत. विचारलेत हे फार बरे केलेत. महोदय, ऑस्ट्रेलिया खंड वर्षाला सुमारे 7 सेंटीमीटर सरकतो. तिथले 1994 च्या संदर्भचौकटीतले निर्देशांक 2020 च्या चौकटीत आणताना प्रत्येक बिंदू सुमारे 1.8 मीटर हलवावा लागतो. जमीनच हलते, तिथे कोड कसा स्वस्थ बसेल? हे गणित करते प्रोज ही लायब्ररी. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतल्या जेराल्ड इव्हेंडेन यांनी 1980 च्या दशकात ती लिहायला घेतली. पुढे तिच्या रूपांतरांत काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत चूक राहते, हे लक्षात आल्यावर जगभरातून वर्गणी गोळा झाली आणि 2019 च्या सहाव्या आवृत्तीत त्या रूपांतरांची रचनाच बदलली. दोन मीटर म्हणजे आपल्याकडे अख्खा बांध. त्यावरून भाऊ भावाला कोर्टात खेचतो.

आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ही लायब्ररीही आहे. त्या वर्गणीत आपला रुपया नव्हता. असो, तो ऐच्छिकच होता.

मला खरे दुःख वेगळ्याच गोष्टीचे आहे. पृथ्वीचे पट्टे पाडून नकाशे काढणाऱ्या यूटीएम पद्धतीचा 43 वा पट्टा 78 अंश पूर्व रेखांशावर संपतो आणि 44 वा सुरू होतो. ती रेषा यवतमाळ जिल्ह्यातून जाते. रेषेच्या दोन्ही अंगांना पसरलेला नकाशाचा थर माझे प्लगिन चुकीच्या पट्ट्यात टाकत होते. चूक माझी. ती शोधली आपल्याकडच्या एका तरुण प्रोग्रामरने, आणि चौदा ओळींत निस्तरली. दुरुस्ती पाठवू का, असे तिने मला आनंदाने विचारले होते. मग आपण "ही कंपनीची मालमत्ता" म्हणून तिला थांबवलेत. आपले नकाशे आता बरोबर येतात. त्या पट्ट्यातल्या एखाद्या गावात सरकारी शाळेच्या जागेची आखणी करणारा कोणी मात्र आजही माझीच जुनी चूक वापरत असेल.

आपल्याकडे पैसे मागत नाही. आभाराची पाटीही नको. त्या मुलीला चौदा ओळी पाठवू द्या. आपल्या परवानगीचा एका ओळीचा मेल पुरेसा आहे, आणि तो शुक्रवारच्या आत यावा असा माझा आग्रह नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
आपण विकलेल्या प्लगिनची देखभाल करणारा