कोवळ्या उन्हाचे दरपत्रक

थंडी घरच्या घरी फुकट उपभोगण्याची नगरजवळच्या भिंगारकरांची जुनी खोड मोडत चालली आहे, ही समाधानाची बाब आहे. पूर्वी मार्गशीर्ष-पौषात रानातली ज्वारीची कणसं आगटीत भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि कोवळा हुरडा लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. पावती नाही, मनगटाला पट्टी नाही. मग मजा आली याला पुरावा काय?

आता हुरडा पार्टीला माणशी दर भरला की तोच हुरडा मिळतो, वर बैलगाडीची फेरी आणि डीजे.

सुधारणा इथेच थांबू नये. गच्चीवरचं सकाळचं ऊन अजून विनाशुल्क पडतं, ही महसुलाची गंभीर गळती आहे. पाठ शेकण्याचा एक दर ठेवावा, पायांसकट शेकण्याचा दुसरा. उन्हात शेंगा सोलत बसणाऱ्या आजीला 'अनुभव-मार्गदर्शक' नेमावे. बाजरीच्या भाकरीवर ती न विचारता लोण्याचा गोळा ठेवते. त्याची नोंद बिलात स्वतंत्र व्हावी.

पुण्याहून खास हुरड्यासाठी येणाऱ्या चिरंजीवांच्या वडिलांना मात्र नम्र विनंती : मुलाला भेटायला फाटकापर्यंत जरूर यावे, पण घरच्या रानातला हुरडा पिशवीत आणू नये. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई आहे.